एक ब्रासची ट्रॉली खरंच एक ब्रासची असते का?

माळरान
घराच्या स्लॅबसाठी क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) मागवायची आहे. ट्रॅक्टरवाला 'एक ब्रासची ट्रॉली' म्हणतो. रिकाम्या हौद्याची आतली मापं टेपने घेतली ती अशी:

लांबी ९ फूट ६ इंच
रुंदी ५ फूट ६ इंच
उंची १ फूट ८ इंच

९.६ × ५.६ × १.८ = ९६.७७ घनफूट. ब्रास म्हणजे १०० घनफूट. सव्वातीन घनफूट कमी पडतात, तेवढं चालायचंच का? स्लॅब ३० × २० फूट, जाडी ५ इंच. मिस्त्रींच्या मते वाळू एक ब्रास लागेल, म्हणजे एक ट्रॉली पुरावी. जाणकारांनी हिशेब तपासून द्यावा.

खडीसाखर
ब्रास म्हणजे पितळ ना? मग ट्रॉली मोजली की ते उघडं पडणारच.

ओळंबा
माळरान, सूत्र बरोबर आहे, आकडे चुकलेत. ९ फूट ६ इंच म्हणजे ९.६ फूट नव्हे. फुटात इंच बारा असतात, दहा नाहीत. ६ इंच म्हणजे अर्धा फूट, म्हणून ९.५. रुंदी ५.५. आणि ८ इंच म्हणजे ८ ÷ १२ = ०.६६७, म्हणून उंची १.६६७.

९.५ × ५.५ × १.६६७ = ८७.०८ घनफूट.

म्हणजे ०.८७ ब्रास. तुमची तूट सव्वातीन घनफुटांची नाही, जवळजवळ तेरा घनफुटांची आहे. तिन्ही मापांत थोडी थोडी चूक झाली आणि गुणाकारात ती साडेनऊ घनफुटांवर गेली.

दशांशाच्या भानगडीत पडायचं नसेल तर सगळं इंचात घ्या: ११४ × ६६ × २० = १,५०,४८०. घनफुटासाठी १,७२८ ने भागा (१२ × १२ × १२), थेट ब्रास हवे असतील तर १,७२,८०० ने. उत्तर तेच, ०.८७.

दगडगोटा
ही चूक भल्याभल्यांची होते, आणि दर वेळी एकाच दिशेने होत नाही, हा त्यातला खरा घोळ. १ ते ९ इंचांपर्यंत टिंब दिलं की माप फुगतं, पण १० आणि ११ इंचांना उलटं होतं. ९ फूट १० इंच हे '९.१०' लिहून मोबाइलवर मारलं की ते ९.१ होतं. म्हणजे ९ फूट ६ इंचांपेक्षाही आखूड! डायरीत ९'१०" असंच लिहावं, टिंब देऊच नये.

इष्टिका
शाळेत शिकवताना आम्ही 'इष्टिकाचितीचे घनफळ = लांबी × रुंदी × उंची' हे घोकून घेतो. त्यामागचं 'तिन्ही मापे एकाच एककात' हे वाक्य मुलं सोडून देतात, आणि पुढे घर बांधायला काढतात.

माळरानदादा, तुमचा गुणाकार तोंडीही होतो. साडेनऊ गुणिले साडेपाच: नवापाचा पंचेचाळीस, नऊ आणि पाच चौदा, त्याचे निम्मे सात, झाले बावन्न, वर अर्ध्याचा अर्धा पाव. सव्वाबावन्न चौरस फूट हा झाला तळ. त्याला एक पूर्णांक दोन तृतीयांशाने गुणायचं, म्हणजे सव्वाबावन्नात त्याचेच दोन तृतीयांश (३४.८३) मिळवायचे. ८७.०८. ज्या पिढीने निमकी, पाऊणकी, दिडकी, औटकी पाठ केली तिला याला पाटीसुद्धा लागत नसे.

खडीसाखर
औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा ना? आमच्याकडे तो म्हणता येणारे आजोबाच शेवटचे. इष्टिकाचिती हा शब्द मात्र ऐकला की अजून पोटात गोळा येतो. खोक्याला खोकं म्हणायला काय झालं?

इष्टिका
शब्द उलगडला की सोपा आहे. इष्टिका म्हणजे वीट, चिती म्हणजे रचलेला थर. विटेच्या आकाराचं ते इष्टिकाचिती, गोल थर एकावर एक रचलेले ती वृत्तचिती. यज्ञवेदी विटांच्या थरांनी रचत, त्या थराला चिती म्हणत. बांधकामाच्या धाग्यावर याहून चपखल शब्द कुठून आणू?

घमेलं
सगळे हिशेब पट्टी फिरवून सपाट केलेल्या ट्रॉलीचे चाललेत. भरताना कोणी सपाट भरत नाही, शीग असते. शिगेसकट एक ब्रास असा बोलीचा अर्थ आहे. वाळूवाल्याला उगाच चोर ठरवू नका.

ओळंबा
घमेलं, मुद्दा रास्त आहे, मग शीगही मोजून टाकू. शिगेचा आकार कौलारू छपरासारखा, चारी बाजूंनी उतार आणि मध्ये आढं. त्याचं घनफळ = रुंदी × शिगेची उंची × (३ × लांबी − रुंदी) ÷ ६. चारी उतार सारखे धरलेत.

या ट्रॉलीवर मध्यभागी १ फूट शीग असेल तर ५.५ × १ × (२८.५ − ५.५) ÷ ६ = २१.०८ घनफूट. कागद नसेल तर तळाचं क्षेत्रफळ × शिगेची उंची × ०.४ केलं की या मापाच्या ट्रॉलीला जवळपास तेच येतं. टोकदार ढीग असेल तर ०.४ च्या जागी एक तृतीयांश, कारण मग तो पिरॅमिड झाला.

तूट १२.९२ घनफुटांची. ती भरायला मध्ये साधारण साडेसात इंच शीग लागते, आणि तीही चारी फाळक्यांच्या (हौद्याच्या बाजूच्या पत्र्यांच्या) काठापासून सुरू झालेली. मधेच एक टेकाड आणि कडेला चार इंच रिकामं, अशी शीग दिसते मोठी, भरते काहीच नाही.

घमेलं
म्हणजे माझं खरं निघालं! साडेसात इंच शीग रोजची आहे.

दगडगोटा
क्रशरवर असेल. साइटवर पोहोचेपर्यंत खड्ड्यांनी ती अर्धी खाली बसते, काही रस्त्यावर सांडते. आणि ताडपत्री बांधली असेल तर दोरीने शीग दाबलेलीच असते. माप घ्यायचं ते उतरवायच्या जागी.

रंधा
एक गोष्ट कोणी बोललं नाही. तिन्ही मापांत सगळ्यात जपून घ्यायचं ते सगळ्यात छोटं माप. लांबीत एक इंच चुकला तर ११४ तला एक, टक्काभरही फरक नाही. उंचीत एक इंच चुकला तर वीसातला एक, सरळ पाच टक्के. या ट्रॉलीत उंचीचा एक इंच म्हणजे ४.३५ घनफूट.

म्हणून लांबीचा टेप दोघांनी ताणून धरण्यात जेवढा वेळ जातो त्याच्या दुप्पट उंचीत घालवा. फाळका मधे फुगलेला असतो, तळाचा पत्रा मधे दबलेला असतो. चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी उंची घेऊन सरासरी काढा.

ओळंबा
रंध्याच्या प्रतिसादाला +१. त्यावरून थेट पडताळा निघतो: १०० ÷ ५२.२५ = १.९१४ फूट, म्हणजे २३ इंच. या हौद्यात पट्टी फिरवून एक ब्रास बसायला उंची २३ इंच हवी. आहे २०. तीन इंचांची फळी वर लावली की वाद मिटला.

आणि हौदा गुण्यात, म्हणजे कोपऱ्यांना काटकोनात, आहे का ते पाहा. दोन्ही कर्ण मोजा. ९'६" × ५'६" ला कर्ण ११ फुटाला पाव इंच कमी यायला हवा, आणि दोन्ही सारखे. एक लांब, एक आखूड आला तर हौदा तिरका झालाय. तेव्हा फाळक्याची लांबी ही रुंदी म्हणून चालत नाही, दोन समोरासमोरच्या फाळक्यांतलं काटकोनातलं अंतर घ्यायचं.

पाणाड्या
फाळके वर फाकलेले असले तर? टिप्परला असतात तसे.

ओळंबा
फक्त दोन बाजू फाकल्या असतील तर वरची आणि खालची रुंदी मिळवून निम्मी करा. उत्तर अचूक येतं. चारी बाजू फाकल्या असतील तर सरासरीने किंचित कमी येतं. तेव्हा तळ, तोंड आणि मधली पातळी अशी तीन क्षेत्रफळं घ्या, मधल्याला चारने गुणा, तिन्हींची बेरीज ६ ने भागून उंचीने गुणा.

ट्रॉलीत फरक किरकोळ असतो. शेततळ्यात मात्र डोळे पांढरे होतात. ३० × ३० × ३ मीटरचं तळं, लोक २,७०० घनमीटर म्हणजे २७ लाख लिटर म्हणून मोकळे होतात. बाजूंचा उतार १:१ असेल तर तळ २४ × २४ च उरतो. तोंड ९००, तळ ५७६, मध्य २७ × २७ = ७२९. (९०० + ५७६ + ४ × ७२९) ÷ ६ × ३ = २,१९६ घनमीटर. पाच लाख लिटर कागदावरच आटले.

पाणाड्या
पाण्याचं निघालंच आहे तर इमारतीच्या टाकीबद्दल. घनफुटात २८.३२ लिटर बसतात, हा आकडा पाठ असू द्या. आतून १० × ६ × ५ फुटांची जमिनीखालची टाकी म्हणजे ३०० घनफूट, साधारण ८,५०० लिटर. नकाशावर बाहेरची मापं असतील तर ९ इंची भिंतींची जाडी दोन्हीकडून वजा करा. नकाशात ११'६" × ७'६" दिसेल आणि आत १० × ६ च उरेल.

मग गिलावा. चारी भिंतींना २० मिमी धरला तर ३०० लिटर त्यातच जातात. वर ओव्हरफ्लोची नळी छतापासून ६ इंच खाली, खाली फूटव्हॉल्व्ह तळापासून ६ इंच वर. मोटरला मिळणारं पाणी फक्त मधल्या ४ फुटांचं: २४० घनफूट, ६,८०० लिटर, गिलाव्याची वजावट वेगळीच. 'दहा हजाराचा टँकर बसेल का' हा प्रश्न या टाकीला विचारायचाच नाही.

सातासमुद्रापार
अवांतर: फराळाचं खोकं परदेशी पाठवताना नियम उलटा. तिथे खोक्याचं बाहेरचं माप धरतात. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,००० = आकारमानाचं वजन किलोत. प्रत्यक्ष वजन आणि हे, यांत जे जास्त त्याचे पैसे. ४५ × ३५ × ३० सेमीच्या खोक्याचे ९.४५ किलो होतात, आत साडेपाच किलो चिवडा असला तरी. खोक्याचं पोट फुगलं असेल तर फुगवट्यावर टेप लावतात. त्यामुळे चिवड्यापेक्षा लाडू परवडतात.

खडीसाखर
शेवटचं वाक्य सुवर्णाक्षरांत लिहून ठेवावं. चकल्यांचा विचार तर करूच नये, त्यांच्यात नुसती हवा.

रंधा
तेच तर, 'आत काय मावतं' याला आतलं माप आणि 'किती जागा अडते' याला बाहेरचं. आमच्या धंद्यात याहून वेगळी तऱ्हा. लाकडाची लांबी फुटात आणि रुंदी-जाडी इंचात सांगतात. ४ इंच × अडीच इंच × १० फूट. यात १,७२८ ने भागायचं नाही. दोनच मापं इंचात आहेत, म्हणून १४४ ने. ४ × २.५ × १० ÷ १४४ = ०.६९ घनफूट. वखारीत बिलावर १४४ बघून कोणी गोंधळू नये.

माळरान
सगळ्यांचे आभार. हौदा पुन्हा मोजला. फाळके सरळ आहेत, वरखाली ५'६" च. दोन्ही कर्ण जुळतात. उंची पाच ठिकाणी घेतली, सरासरी २० इंच. टेपच्या मीटरच्या बाजूनेही केलं: २.८९५ × १.६७५ × ०.५०८ = २.४६ घनमीटर. एका ब्रासचे २.८३ घनमीटर, म्हणजे पुन्हा ०.८७.

मग दर पाडून घ्यावा ना? समजा ट्रॉलीचे ६,००० सांगितले, तर ब्रासला ६,००० ÷ ०.८७ = ६,९०० च्या आसपास पडतात.

दगडगोटा
दोन मार्ग. एक तर ट्रॉलीवर बोली न करता घनफुटावर करा. नाहीतर काट्यावर चढवा. भरलेल्या गाडीची पावती, रिकाम्या गाडीची पावती, वजाबाकी. सैल कोरडी वाळू घनमीटरला १.६ टन धरली तर ब्रासला साडेचार टन. टेप नको, शीग नको.

ओळंबा
काट्याला माझा विरोध नाही, पण आधी ओल बघा. या धाग्यातला मोठा चोर अजून पकडलेलाच नाही.

ओलसर वाळू फुगते. दाण्यांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, दाणे एकमेकांना दूर धरतात. ओल वजनाच्या ५-६ टक्क्यांच्या आसपास असताना फुगवटा सगळ्यात जास्त, २० ते ३० टक्के, बारीक वाळूत त्याहूनही जास्त. पाणी आणखी वाढवत नेलं की पापुद्रे मोडतात आणि पुरती भिजलेली वाळू पुन्हा कोरडीइतकीच जागा घेते.

२५ टक्के फुगलेली वाळू असेल तर माळरान यांच्या ८७ घनफुटांत खरी वाळू ८७ ÷ १.२५ = ७० घनफूटसुद्धा नाही. शिगेवरून भांडण करून बारा-तेरा घनफूट वाचवाल, इथे सतरा निसटतात.

घमेलं
फुगते ती नदीची वाळू. क्रश सँड दगडाची भुकटी, ती कशाला फुगेल?

ओळंबा
फुगते. पापुद्र्याला दाणा नदीतला की क्रशरमधला हे कळत नाही. उलट क्रश सँडमध्ये बारीक भुकटी जास्त राहिली असेल आणि धुऊन लगेच भरली असेल तर चांगलीच फुगते. २० मिमी खडी मात्र फुगत नाही, तिचे दाणे मोठे. म्हणून खडीच्या ट्रॉलीला वरचा सगळा टेपचा हिशेब जसाच्या तसा लागू.

थापी
साइटवर फुगवटा काढायला प्रयोगशाळा लागत नाही. सरळ बाजूंचा एखादा डबा घ्या.

ट्रॉलीच्या मधून वाळू घ्या, वरची वाळलेली नको. डबा दोन तृतीयांश होईल इतकी सैल टाका, आपटू नका, दाबू नका. वर सपाट करा, पोलादी पट्टी तळापर्यंत घालून उंची बघा. समजा २०० मिमी. आता सगळी वाळू दुसऱ्या भांड्यात काढा. डबा निम्मा पाण्याने भरा. निम्मी वाळू पाण्यात टाका, ६ मिमीच्या सळईने चांगली खोचा. उरलेली टाका, पुन्हा खोचा, सपाट करा, पुन्हा उंची. समजा १६० मिमी आली. २०० ÷ १६० = १.२५. फुगवटा २५ टक्के.

चुकतं कुठे? बादली वापरतात. बादली वर रुंद, खाली अरुंद, मग उंचीचं गुणोत्तर हे घनफळाचं गुणोत्तर राहत नाही. आणि काढताना वाळू डब्याच्या कडेला चिकटून राहते, ती झटकून घ्यावी लागते.

दगडगोटा
ओळंबासाहेब, फुगवटा मान्य. पण त्यातून काटाच बरा ठरतो की! ५ टक्के ओल असेल तर वजनात ५ टक्क्यांचाच फरक, टेपने २५ चा.

ओळंबा
खरं आहे. गंमत अशी की तीच ट्रॉली पट्टी फिरवून कोरड्या वाळूने भरली तर आत ३.९ टनांच्या वर माल बसतो, आणि ओलसर, २५ टक्के फुगलेल्या वाळूने भरली तर पाण्यासकट ३.३ टनच. ओली आहे म्हणजे जड असेल असं सगळे समजतात, भरते हलकी. पाणी गळत असलेली वाळू आली तर उलटं, तिथे टेप बरा आणि काटा फसवा, कारण पाण्याचं वजन तुम्ही विकत घेता. फाळक्याखालून पाणी ठिबकतंय का एवढं बघून टेप की काटा ते ठरवा.

माळरान
मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. मिस्त्रींचा 'एक ब्रास' बरोबर आहे का?

ओळंबा
काढू. स्लॅब हीसुद्धा एक चपटी पेटीच. ३० × २० × (५ ÷ १२) = २५० घनफूट ओलं काँक्रीट. कोरडा माल एकत्र झाला की पोकळ्या भरून आकार कमी होतो, म्हणून १.५४ ने गुणायचं: ३८५ घनफूट. मिश्रण १:१.५:३ (सिमेंट:वाळू:खडी) धरलं तर एकूण भाग ५.५, एक भाग ७० घनफूट.

सिमेंट ७० घनफूट, ५० किलोच्या पोत्याचे १.२३ घनफूट धरून ५७ पोती.
वाळू १०५ घनफूट, १.०५ ब्रास.
खडी २१० घनफूट, २.१ ब्रास.

मिस्त्री चुकलेले नाहीत. पण हा १.०५ ब्रास कोरड्या वाळूचा. २५ टक्के फुगलेली येणार असेल तर १३१ घनफूट उतरवून घ्यावी लागेल, आणि पट्टी फिरवलेल्या ट्रॉलीचे ८७. म्हणजे दीड ट्रॉली. सांडलवंड धरा. बीम यात नाहीत, त्यांचा हिशेब स्लॅबच्या खाली लोंबणाऱ्या भागाचा वेगळा करा. बीमची उंची स्लॅबच्या वरच्या पातळीपासून धरली तर स्लॅबची जाडी दोनदा मोजली जाते.

घमेलं
एका ट्रॉलीवर स्लॅब सुरू केला असता तर दुपारीच वाळू संपली असती आणि जोड पडला असता.

थापी
फर्म्याचं, म्हणजे माल मोजून टाकायच्या पेटीचं, कोणी बोललंच नाही. घमेल्याने माप टाकणार असाल तर वरचे सगळे आकडे पाण्यात. घमेलं कधी शिगोशीग, कधी चेपलेलं. (घमेलं, राग नसावा.)

एका पोत्याला ३५ लिटरचा फर्मा, आतून ४० × ३५ × २५ सेमी. सुताराला 'आतून' हे दोनदा सांगा. १८ मिमी प्लायमधून त्याने बाहेरून ४० × ३५ × २५ केला तर आत ३६.४ × ३१.४ × २३.२ उरतात. साडेसव्वीस लिटर! फर्मा जवळपास पाव भागाने लहान आणि बघून कोणाला कळणार नाही.

वाळूचा फर्मा वेगळा करा. फुगवटा २५ टक्के आला असेल तर उंची २५ ऐवजी ३१ सेमी ठेवा, लांबी-रुंदी तीच. मग गडी दीड फर्मा मोजत राहतो, त्याला गुणाकार करावा लागत नाही. अर्ध्या फर्म्याची खूण आत खिळ्याने कोरून ठेवा, खडूची पुसते. भरला की पट्टी फिरवायची, ठोकायचं नाही.

रंधा
फर्म्याला दोन्ही बाजूंनी दांडे बाहेर काढा, दोन माणसांनी उचलायचा आहे. १.६ च्या हिशेबाने ३५ लिटर कोरडी वाळू ५६ किलो होते. एकट्याने उचलायला दिलात तर गडी अर्धाच भरेल, आणि त्याचं चुकणार नाही.

इष्टिका
थापीदादांचं फर्म्याचं उदाहरण नववीच्या वर्गात चालेल. 'तिन्ही मापे आठ-दहा टक्क्यांनी कमी झाली तर घनफळ किती कमी होईल' असा प्रश्न घातला की निम्मा वर्ग दहा टक्के म्हणतो.

माळरान
ठरलं ते असं: दोन ट्रॉल्या, घनफुटावर दर, मोजायचं साइटवर. ट्रॉलीच्या चारी फाळक्यांवर आतून दर ५ इंचांवर रंगाने रेघ मारून घेणार, म्हणजे दुसरी ट्रॉली अर्धी भरली की रेघेवरून कळेल. ट्रॅक्टरवाल्यांनी तीन इंची फळी लावायची तयारी दाखवली आहे. फळीच्या आतल्या बाजूला बिजागरी येतेय, तिची वजावट धरायची का?

खडीसाखर
धरा की. आणि टेपच्या पुढच्या हुकाची जाडीही.

ओळंबा
बिजागरी सोडा. हुकाचा मात्र विनोद नाही. टेपचा हुक रिव्हेटवर मागेपुढे सरकतो तो मुद्दाम ठेवलेला असतो, हुकाच्या जाडीइतकाच. आतून टेकवलं की आत सरकतो, बाहेरून अडकवलं की बाहेर. तो वाळूने जाम झाला असेल तर हातोडीने ठोकून बसवू नका, ब्रशने झाडून मोकळा करा. आणि आतलं माप घेताना टेपच्या डबीची रुंदी मिळवायची राहते. ती डबीवरच छापलेली असते, बहुतेक वेळा मिलिमीटरमध्ये.